काटकोनातली आग

दुसऱ्याच्या घरात गेलं की माणसं भिंतींचा रंग बघतात, पडदे बघतात, खवचट असली तर पंख्यावरची धूळ बघतात. मिस्त्री खाली बघायचे. तीस वर्षं फरशा बसवणाऱ्याची नजर दुसरीकडे जाईल कशी, असं त्यांची बायको म्हणायची. पाहुणे म्हणून गेले तरी चपला काढता काढता त्यांचा अंगठा दोन फरशांमधल्या सांध्यावरून फिरून यायचा, आणि सांधा केसभर जरी वरखाली लागला तरी मग समोरचा चहा गोड लागायचा नाही. तिरकं म्हणून काही खपायचं नाही त्यांना. बँकेच्या रांगेत उभं असताना भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून परत रांगेत आलेला माणूस. कामावरचे लोक पाठीमागे त्यांना ओळंबा म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

गंमत अशी, की अर्ध्या शहराच्या जमिनी गुळगुळीत करणारा हा माणूस राहायचा भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि तिथली जमीन होती पोपडे सुटलेल्या सिमेंटची. घरमालकाला कशालाच हात लावलेला चालत नसे. सासूबाईंची खुर्ची डगमगू नये म्हणून तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असायची. ती घडी बदलताना सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "जावईबापूंच्या हातची फरशी बघायची तर मला परक्याच्या घरी जावं लागतं." मिस्त्री हसून साजरं करायचे. वर्षभर चौघं मिळून घर शोधत होती: मिस्त्री, बेकरीत काम करणारी बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. लहान का असेना, पण स्वतःचं, आणि जिथल्या जमिनीचं मिस्त्रींना हवं ते करता येईल असं.

अशात गुडघ्याने घोळ घातला.

आधी लक्षात आलं ते बायकोच्या. संध्याकाळी कामावरून आले तर उजव्या गुडघ्याजवळ पँट लाल झालेली. फरशीची टोकदार कपची कापडातून आत रुतली होती, आणि मिस्त्री त्याच गुडघ्यावर दोन तास टेकून काम करत होते.

"अहो, दुखलं नाही तुम्हाला?"

"कुठे काय," म्हणत त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. बोटाला गुडघा लागत होता, गुडघ्याला बोट लागत नव्हतं.

आठवड्याभरात त्या बधिर जागेच्या कडेकडेने आग सुरू झाली. गरम तव्याला चुकून हात लागल्यावर होते तशी आग, फक्त इथे हात काढून घ्यायची सोय नव्हती. एका ठिकाणी, वरच्या बाजूला कोपऱ्यात, तर तिळाएवढा ठिपका नुसता पेटलेला असायचा. चादरीचा स्पर्श सोसवेना. मिस्त्रींनी बर्फ लावला, ओलं फडकं गुंडाळलं, सासूबाईंनी दिलेलं तेल चोळलं. कामावर स्पंजचे तीन थर शिवून गुडघ्याला बांधले, मग एका फळकुटावर बसून काम करून पाहिलं. लेकीने युक्ती काढली आणि घरच्या पायजम्याला उजव्या गुडघ्यापाशी चौकोनी खिडकी कापून दिली, म्हणजे कापड घासायला नको. त्या खिडकीतून गुडघा बाहेर काढून मिस्त्री घरभर वावरायचे.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंची अक्कल कुठे असते ते आता सगळ्यांना दिसतं."

घरात हसू पिकलं. मिस्त्रीही हसले, पण हसताना बायकोकडे बघणं त्यांनी टाळलं. गुडघा गेला की काम गेलं, आणि काम गेलं की घराचं नाव काढायला नको. हे चौघांनाही कळत होतं, म्हणून तर विनोद जरा जास्तच चालले होते.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि कामात चोख. एक्स-रे स्वच्छ निघाला. नसांची तपासणी केली, तीही स्वच्छ. मग त्यांनी मिस्त्रींना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या बोळ्याने व टाचणीने गुडघा तपासायला घेतला. जिथे लागत होतं तिथे मिस्त्री "हो" म्हणायचे, नव्हतं तिथे गप्प राहायचे, आणि बाई पेनाने खुणा करत जायच्या. शेवटी त्यांनी खुणा रेघेने जोडल्या आणि पेन हातात तसंच धरून बसल्या.

"डोळे उघडू?" मिस्त्रींनी विचारलं.

"उघडा. तुम्ही मला फसवत तर नाही ना?"

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक आकृती उमटली होती. कडा सरळ. कोपरे काटकोनात. एका बाजूला रेघ मध्येच जरा आत शिरून परत बाहेर आलेली, एक कोपरा किंचित छाटलेला, आणि खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढी रेघ तुटलेली. तेवढ्या फटीत मात्र सगळं लागत होतं.

"बधिरपणा असा नसतो हो," बाई म्हणाल्या. "नस वेडीवाकडी फिरते. काटकोनात वळायला ती काही तुमची फरशी नाही."

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला. आठ सेंटीमीटर लांब, सहा रुंद. आत शिरलेली रेघ म्हणजे खांब, हे त्यांना मोजायच्या आधीच कळलं होतं. तुटलेली रेघ म्हणजे दार.

"ही खोली आहे," ते म्हणाले.

बाई हसल्या, गोळ्या लिहून दिल्या, काम कमी करायला सांगितलं आणि महिन्याने बोलावलं.

त्या खुणा मिस्त्रींनी पुसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी आकृती कागदावर उतरवली आणि लेकीने तिच्याभोवती आकडे मांडले. तिला गंमतच वाटत होती.

"एका सेंटीमीटरला दोन फूट धरले तर सोळा बाय बारा, बाबा. तुझी दोन फुटी फरशी अख्खीच्या अख्खी बसेल. आडव्या आठ, उभ्या सहा. तुकडे फक्त खांबापाशी आणि त्या कोपऱ्यात."

"मी अशी खोली केलेली नाही," मिस्त्री म्हणाले. लोक चेहरे लक्षात ठेवतात तशा त्यांच्या खोल्या लक्षात असायच्या, अगदी पहिल्या वर्षीच्या सुद्धा. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात एकेका घराचं दार उघडून पाहिलं. छाटलेल्या कोपऱ्याची खोली त्यात नव्हतीच.

पंधरा दिवसांनी बायकोला बेकरीत एका गिऱ्हाईकाकडून घराचा पत्ता मिळाला. पहिला मजला, बाहेर झाडं, शाळेचं मैदान. एजंट जिन्यात घामाघूम होऊन उभा होता. "भिंती झाल्यात, नळ झालेत, स्वयंपाकघर तर बघाच," म्हणत त्याने दार आत ढकललं. "फक्त पुढच्या खोलीची जमीन तेवढी राहिलीय."

मिस्त्रींनी उंबरठ्याच्या आत पाय टाकला आणि गुडघा असा भडकला की त्यांनी चौकट धरली.

खोली लांबट होती. जमीन उघडी, करड्या कोब्याची, पण एकसारखी. कोणीतरी चांगल्या हाताने केलेली. डावीकडच्या भिंतीतून खांब पुढे आलेला. समोर मोठी खिडकी, आणि खिडकीशेजारचा कोपरा छाटलेला. तिथे ऊन पडलं होतं. मिस्त्रींनी टेप लावला नसता तरी चाललं असतं, पण हाताला राहवेना. सोळा फूट. बारा फूट.

"जमीन का राहिली?" बायकोने एजंटला विचारलं.

"दोन मिस्त्री आले आणि सोडून गेले. एक म्हणाला गुडघे दुखतात, दुसराही तेच म्हणाला. आता फरशीवाल्याचे गुडघे नाही दुखणार तर कोणाचे दुखणार, सांगा बरं."

एजंटचा फोन वाजला आणि तो जिन्यात गेला. बायको जवळ आली. कागद तिनेही पाहिला होता. आवाज खाली आणून तिने विचारलं, "तीच का हो?"

"तीच."

"मग घ्यायची की पळ काढायचा?"

मिस्त्रींना भीती वाटत होती, आणि खोली आवडली होती, आणि दोन्ही एकाच वेळी. इतकी सरळ खोली त्यांना तीस वर्षांत भेटली नव्हती. बायको खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, मैदानाकडे बघितलं, मग छाटलेल्या कोपऱ्याला पाठ टेकवून खोलीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ऊन आलं.

"मला आवडलीय," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्याने तर आधीच पसंत केलीय. त्याच्याशी भांडण कोण करणार?"

घर झालं. कागदपत्रं झाली, सह्या झाल्या, किल्ली हातात आली, आणि त्या रात्री भाड्याच्या दोन खोल्यांत सासूबाईंनी खुर्चीखालची पुठ्ठ्याची घडी काढून खिडकीतून बाहेर फेकली आणि डगमगत बसून राहिल्या. लेक रंगांचे नमुने घेऊन नाचत होती. फरशीचा रंग चौघांनी भांडून ठरवला. मिस्त्रींचा जुना जोडीदार, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, तो मदतीला यायला तयार होता. पण मिस्त्रींनी त्याला हात जोडले. "दुनियेची केलीस ना माझ्याबरोबर? ही एक मला एकट्याला करू दे."

"गुडघा?"

"गुडघ्याचं बघू."

"गुडघ्याला बाशिंग बांधून निघालेत," सासूबाई भोंग्याला म्हणाल्या. "त्यांना कोण अडवणार."

मिस्त्री पहाटेच कामाला लागले. फरशांची चळत आदल्या दिवशीच खिडकीखाली लावून ठेवली होती, सिमेंटच्या मसाल्याच्या गोण्या आणि पाण्याच्या बादल्याही तिथेच. फरशी बसवायची रीत नवशिक्यालाही ठाऊक असते. माप दारापासून धरायचं, म्हणजे दारात अख्खी फरशी दिसते. पण बसवायला सुरुवात करायची ती लांबच्या कोपऱ्यातून, आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडायचं. मिस्त्रींनी दोरी ताणली. ओळ बघायला म्हणून एक फरशी दारापाशी मसाल्यावर ठेवली, हातोडीच्या लाकडी दांड्याने चार कोपरे ठोकले, आणि कडेला गुडघा टेकला.

गुडघ्याला गार लागलं.

त्यांनी पायजम्याच्या खिडकीतून बोट घालून पाहिलं. आकृतीच्या खालच्या कडेला, दाराच्या फटीशेजारी, नखाएवढा चौकोन जागा झाला होता. बोटाचा खरखरीतपणाही कळत होता. मग त्यांनी शेजारी दुसरी फरशी बसवली आणि पुन्हा बोट लावलं. आणखी एक चौकोन.

पुढे काय झालं ते त्यांना नंतर नीट सांगताच येईना. तीन महिने मेलेली कातडी फरशी फरशीने जिवंत होत होती, आणि तो माणूस लहान मुलासारखा हरखून गेला होता. एक ओळ झाली, दोन झाल्या. मसाला कालवायचा, दात्यांच्या थापीने पसरायचा, फरशी टेकवायची, ठोकायची, आणि गुडघ्याला हात लावायचा. ते गुणगुणत होते. तीन ओळी, चार. कडांची आग हटत हटत वर सरकत होती. दुपार झाली तरी पाणी प्यायचं सुचलं नाही. सत्तेचाळिसावी फरशी ठोकून झाली, आणि शेवटची ठेवायला त्यांनी जागा बघितली, तर त्या जागेवर ते स्वतःच बसले होते.

समोर ओल्या मसाल्यावर सत्तेचाळीस फरशा. पलीकडे दार. मध्ये पाय ठेवायला सोय नाही.

नेमकी तेव्हाच मंडळी डबा घेऊन जिन्यात आली. तिघी दारात उभ्या राहिल्या. मग लेकीला पहिल्यांदा खोकल्यासारखं हसू फुटलं, आणि तिने चौकट धरली.

"तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच का?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो, आता बाहेर कसे येणार?" बायकोचे डोळे हसून हसून भरले होते.

"चोवीस तासांनी," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. हसताना हलू नये म्हणून त्यांनी भिंत धरली होती. लेकीने भोंग्याला फोन लावला. शिडी घेऊन खिडकीतून काढतो म्हणाला, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. संध्याकाळ होईल म्हणाला, आणि हे सांगताना त्याचं हसणं फोनमधून दारापर्यंत ऐकू येत होतं. बायकोने पावाची पिशवी आणि पाण्याची बाटली नेम धरून फेकली. मग तिघींनी दार लावून घेतलं आणि हसत हसत जिना उतरून गेल्या.

घर शांत झालं.

मिस्त्रींनी पाव खाल्ला. छाटलेल्या कोपऱ्याला पाठ टेकवली, डावा पाय दुमडून घेतला, उजवा गुडघा उभा केला. मैदानात मुलं खेळत होती, त्यांचे आवाज लांबून येत होते. ऊन फरशांवर पसरलं होतं आणि सगळे सांधे एका रेघेत दिसत होते. मिस्त्रींना आतून भरून आलं. आपल्या हातची जमीन, आपल्या घरात.

गुडघा सगळा जागा झाला होता. उरला होता फक्त तो वरच्या कोपऱ्यातला ठिपका. तो पेटलेलाच होता. आणि तो कुठे आहे हे आता मोजायची गरज नव्हती. मिस्त्री बरोबर त्याच्यावर बसले होते.

काही वेळाने आग कमी झाली.

कमी झाली, आणि तिच्या जागी वजन आलं.

प्रवासात शेजारचा अनोळखी माणूस पेंगता पेंगता आपल्या खांद्यावर डोकं टेकवतो, तसं काहीतरी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हळूच टेकलं. उबदार होतं. फार जड नव्हतं.

मिस्त्रींनी खाली पाहिलं. तिथे काही नव्हतं.

पण पायजम्याच्या खिडकीभोवतीच्या कापडाला चुण्या पडलेल्या होत्या, त्या एकेक करून सपाट झाल्या.

ओरडावं तर कोण ऐकणार. पळावं तर ओल्या फरशा. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला आपल्या कामावर पाय देऊन पळावंसं वाटलं.

ते पळाले नाहीत. वजन हलत नव्हतं. थोडं वर, थोडं खाली, असं संथ होत होतं.

झोपलंय, मिस्त्रींना वाटलं.

त्यांनी पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, साध्या, सगळ्यांना येतात तशा, तरी हलवला नाही. भीती कधी गेली ते त्यांना कळलं नाही. ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकत गेलं, आणि इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"घर चांगलं आहे," एकदा ते हळूच म्हणाले.

खालून भोंग्याची आरोळी आली, "ओळंबा, जिवंत आहेस का?" आणि गुडघा एकदम हलका झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फरशांनी पकड घेतल्यावर, दोघांनी मिळून शेवटची बसवली. ती ठोकली आणि तो तिळाएवढा ठिपका विझला. भोंगा सपाटी बघायची पाणसळ घेऊन खोलीभर फिरला, बुडबुडा कुठेच हलेना, आणि त्याने कौतुकाने मान डोलावली. मग कोपऱ्यालगतच्या एका फरशीपाशी तो थांबला.

"ही एका बाजूने दबलीय. बसला होतास हिच्यावर?"

"मी ह्या शेवटच्या जागेवर होतो. कोब्यावर."

"मग ही कशी दबली? काढू का? अजून निघेल."

मिस्त्रींनी फरशीवरून अंगठा फिरवला. केसभर नव्हे, चांगली तांदळाच्या दाण्याएवढी खाली गेली होती.

"राहू दे," ते म्हणाले. भोंग्याने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर बाईंनी कापूस आणि टाचणी लावून पाहिली. सगळीकडे "हो" आलं. गोळ्या बरोबर लागू पडल्या म्हणून त्या खूश झाल्या, आणि मिस्त्रींनी त्यांचं मन मोडलं नाही. गोळ्यांची पट्टी घरी तशीच पडून होती.

चौघं नव्या घरात आली. सासूबाईंची खुर्ची डगमगेना, तर त्यांना चुकल्यासारखं होऊ लागलं. आणि एका सकाळी, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी न्हाणीघरात काम करताना, मिस्त्रींच्या गुडघ्यावर पावलं चालली. मुंगी चालावी इतकी हलकी, पण पावलंच: दारातून आत, खांबाला वळसा, खिडकीकडे. डावी टाच जरा जास्त टेकणारी. ती चाल ते पंचवीस वर्षं ओळखत होते. त्यांनी फोन लावला.

"आज लवकर आलीस?"

"आत्ताच येतेय, बेकरीत वीज नव्हती. तुम्हाला कसं कळलं?"

त्यानंतर मिस्त्रींचे दिवस मजेत जाऊ लागले. कामावर गुडघा टेकलेला असताना घर त्यांच्याबरोबर असायचं. लेक धावत कॉलेजला निघाली, सासूबाई खुर्चीतून उठल्या, बायको केर काढतेय. संध्याकाळी ते घरी येऊन विचारायचे, "आई, दुपारी खिडकीशी एक तास उभ्या होतात, काय बघत होतात?" सासूबाई चकित व्हायच्या आणि समोरच्या शेजारणीवर चहाडीचा संशय घ्यायच्या. घरात त्यावरून भरपूर हसणं झालं. मिस्त्रींनी खरं कारण फक्त बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून ती घरात शिरताना मुद्दाम दोनदा पाय आपटायची. आले, असा त्याचा अर्थ.

मग एका रविवारी सगळी तळ्यावर गेली. सासूबाईंना नावेत बसायचं होतं. दार लावून किल्ली मिस्त्रींनी शर्टाच्या खिशात टाकली. नावेत सासूबाई मध्ये बसल्या, लेक पाण्यात हात घालून बसली, बायको समोर. वारा छान होता. सासूबाई नावाड्याला नाव कशी वल्हवावी ते शिकवत होत्या, आणि सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली होती.

मिस्त्रींच्या गुडघ्यावर पावलं चालली.

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. मग लेकीकडे, मग सासूबाईंकडे. मग खिसा चाचपला. किल्ली होती.

पावलं अनवाणी होती आणि छोटी. छाटलेल्या कोपऱ्यातून निघाली, सरळ दारापर्यंत गेली. थांबली. परत कोपऱ्यात. पुन्हा दारापर्यंत. त्यात घाई नव्हती, चोरटेपणा नव्हता. घरचं माणूस वाट बघताना घालतं तशी येरझार होती.

नावेतलं हसणं अजून चालू होतं, आणि मिस्त्रींच्याही तोंडावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं.

"चला," ते म्हणाले. "घरी जाऊ."

"एवढ्यात?" बायकोने विचारलं. त्यांचा हात गुडघ्यावर होता. तो तिने पाहिला, आणि नावाड्याला नाव वळवायला सांगितली.

संध्याकाळ होत आली होती. चौघं जिना चढू लागली. सासूबाईंच्या चपलांचा आवाज घुमला, आणि मिस्त्रींच्या गुडघ्यावर पावलं धावत सुटली. थेट दारापर्यंत आली.

मिस्त्रींनी कुलपात किल्ली घातली. पलीकडे दोन पावलं उभी होती, दाराला अगदी खेटून, टाचा वर उचललेल्या.

"बाबा, उघड ना," लेक म्हणाली.

"थांब जरा." दार आत उघडायचं. मिस्त्री खाकरले. किल्ली हातात खुळखुळवली, आणि वाट बघितली.

एक पाऊल मागे सरलं. मग दुसरं.

मग त्यांनी किल्ली फिरवली.